शेरेबुक आणि दुसरी वही : नगर जिल्ह्यातल्या शिक्षक आणि आरोग्य कार्यकर्त्यांचा निर्णयाचा अधिकार

आजच्या विषयात ‘व्यावसायिक स्वायत्तता’ असा जरा जडच शब्द आहे. त्याची व्याख्या करत बसण्यापेक्षा आपण थेट नगरला जाऊ. जिल्ह्याचं नाव आता अधिकृतपणे अहिल्यानगर झालं आहे. पण आज ज्या काळाबद्दल बोलायचं आहे त्या काळच्या कागदांत अहमदनगर आहे आणि बोलताना आपण सगळे ‘नगर’ म्हणतो, तेव्हा तेच चालू ठेवू.

१८५४-५५ ची गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम १८३१ मध्ये सुरू झालं, म्हणजे तेव्हा त्याला वीसहून अधिक वर्षं झाली होती. शाळा चालू होत्या, ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये इथूनच सुरू झालं होतं. अशा वेळी मिशनच्या बॉस्टनमधल्या मुख्य कार्यालयाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉमसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. अँडरसन यांचं मत आधीपासून ठरलेलं होतं : मिशनरी आले ते धर्मप्रसारासाठी, शाळा चालवण्यासाठी नव्हे. इंग्रजी शाळेतून कारकून निघतात, ख्रिस्ती निघत नाहीत. आणि ख्रिस्ती नसलेले पंतोजी पगारावर ठेवून शाळा चालवायच्या, याला अर्थ काय? त्या दौऱ्यानंतर मिशनच्या मुंबई आणि नगरच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या, ख्रिस्ती नसलेल्या शिक्षकांच्या शाळांना कात्री लागली.

आता अँडरसन यांची बाजू आपण क्षणभर मान्य करू. त्यांच्या पैशाने चाललेल्या शाळा होत्या, त्यांचा हेतू त्यांनी लपवला नव्हता. तरी प्रश्न राहतोच. नगरच्या वर्गात समोर बसलेल्या मुलाला काय शिकवायचं, कुठल्या भाषेत शिकवायचं, कोणाच्या हातून शिकवायचं, हे कोणी ठरवायचं? त्या मुलाला रोज पाहणाऱ्याने, की ज्याला त्या मुलाचं नाव माहीत नाही अशा सात समुद्रापलीकडच्या कार्यालयाने? आजचा विषय एवढाच आहे. माणसांशी थेट ज्यांचं काम असतं, म्हणजे शिक्षक, परिचारिका, सुईण, आशा, अंगणवाडीच्या ताई, त्यांच्या कामातला निर्णय कोणाचा?

आपल्याकडे या प्रश्नाचं एक लाडकं उत्तर आहे, आणि ते म्हणजे पूर्वी सगळं छान होतं. गावचा पंतोजी स्वतंत्र होता, त्याच्यावर साहेब नव्हता. हे अर्धंच खरं आहे. पंतोजीच्या डोक्यावर सरकारी साहेब नव्हता हे बरोबर. त्याने कधी मोडी शिकवायची, पाढे कुठपर्यंत म्हणून घ्यायचे, छडी किती चालवायची, हे तोच ठरवी. पण त्याचं पोट ज्या घरांतून येणाऱ्या धान्यावर आणि पैशांवर चाले, त्या घरांची मुलं सोडून बाहेरचं मूल ओसरीवर बसवायचा ‘निर्णय’ त्याला घेता येत होता का? महाराचं पोर, किंवा एखादी मुलगी? तो अधिकार त्याला नव्हता आणि बहुतेकांना हवासाही नव्हता. वर कोणी नाही म्हणून माणूस स्वतंत्र असतो असं नाही. आजूबाजूचा गावगाडाही साहेबच असतो. हे लक्षात ठेवू, कारण पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

या पार्श्वभूमीवर सिंथिया फॅरार या बाईंकडे बघा. १८२७ मध्ये त्या अविवाहित स्त्री म्हणून अमेरिकेतून मुंबईत आल्या, मुलींच्या शाळांवर देखरेख करायला. मध्ये प्रकृतीमुळे मायदेशी गेल्या, परतल्या आणि १८३९ पासून नगरला राहिल्या. १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मिशनच्या रचनेत निर्णय पुरुष मिशनरींच्या सभेत होत. फॅरारबाईंचं काम ‘साहाय्य’ या सदरात मोडत असे. पण मुलींच्या शाळेत प्रत्यक्ष काय चालतं, कोणत्या घरी जाऊन आईची समजूत काढायची, मुलगी चार दिवस आली नाही तर काय करायचं, हे ज्ञान त्या सभेत कोणाकडेच नव्हतं. ते बाईंकडे होतं. कागदावर अधिकार नाही, पण कामाची जाण पूर्ण. या दोहोंच्या मधल्या फटीतून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम रेटलं.

ते काम बघायला पुण्याहून एक तरुण आला होता. जोतीराव फुले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला होते. फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून आपल्याला समाधान वाटलं आणि पुण्यात शाळा काढण्याचा विचार पक्का झाला, असं जोतीरावांनीच पुढे सांगितलेलं आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे प्रशिक्षण घेतलं असंही चरित्रकार लिहितात. आम्हाला इथे एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. जोतीराव नगरला सरकारी परिपत्रक वाचायला आले नव्हते, ते दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघायला आले होते. शिक्षक शिक्षकाकडून शिकतो, ही या धंद्याची सगळ्यात जुनी वाट आहे.

याच जोतीरावांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगाला निवेदन दिलं. ते आपण मुलांच्या शिक्षणासाठी वाचतो, पण त्यात शिक्षकाबद्दल फार बारकाईने लिहिलेलं आहे. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. त्यांना नीट प्रशिक्षण असावं आणि पगार बारा रुपयांहून कमी नसावा. आणि पुढे एक सूचना आहे जी आज वाचताना हसू येतं. ते म्हणतात, शिक्षकाला गावच्या कारभारात जोडून घ्या. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचं काम, मुद्रांकविक्री अशी कामं त्याच्याकडे द्या, म्हणजे त्याला चार पैसे जास्त मिळतील आणि गावात त्याची पत वाढेल.

आज जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींना हे वाचून दाखवा. मतदार याद्यांचं काम, जनगणना, सर्वेक्षणं यांनी कावलेला माणूस कपाळावर हात मारेल. पण जोतीरावांची गणितं चुकली होती असं आम्हाला वाटत नाही. त्या काळी गावात लेखणी कुलकर्ण्याच्या हातात होती. ती शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या शिक्षकाच्या हातात गेली तर गावातली सत्ता हलणार होती. त्यांनी मागितलेलं जादा काम शिक्षकाला अधिकार देणारं होतं. आज मिळतं ते जादा काम त्याला माहिती गोळा करणारा हात बनवतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दहावार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये असं म्हटलं. पण खिडकी उघडी ठेवली की वारा किती यायचा हे खिडकी ठरवत नाही.

जोतीराव निवेदन लिहीत होते तेव्हा मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांसाठी एक पद्धत जोरात होती : परीक्षेच्या निकालावर अनुदान. मिशनच्या शाळाही त्यात आल्या. शिक्षण खात्याचा तपासनीस, ज्याला मराठी माणसाने ‘दिपोटी’ करून टाकलं, तो शाळेत यायचा, एकेका मुलाची वाचन, लेखन, गणितात परीक्षा घ्यायचा, आणि पास झालेल्या डोक्यांवर पैसे मिळायचे. याचा परिणाम काय होतो हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ नको. जो मुलगा नक्की पास होणार त्याच्याकडे बघायची गरज नाही, जो नक्की नापास होणार त्याच्याकडे बघून फायदा नाही. मधल्यांवर घासायचं. आणि दिपोटी येणार त्या दिवशी ‘कच्ची’ पोरं घरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत सोडून दिली गेली, पण शाळेत मागे एक वस्तू उरली. शेरेबुक. साहेब आले, पाहिलं, शेरा लिहिला, सही केली. ज्या घरांत शिक्षक होऊन गेले त्यांनी हा शब्द ऐकला असेल. शेरेबुकात शिक्षक स्वतः काही लिहू शकत नसे. त्यात त्याच्याबद्दल लिहिलं जाई.

पुढचा टप्पा थोडक्यात सांगतो. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे गेल्या. लोकांच्या शाळा लोकांच्या प्रतिनिधींकडे, ऐकायला उत्तम. पण शिक्षकाची बदली हे स्थानिक राजकारणाचं हत्यार झालं. निवडणुकीत कोणाच्या बाजूने होतास, यावर तू कोणत्या वाडीवर जाणार हे ठरू लागलं. पंतोजीबद्दल जे म्हटलं तेच इथे पुन्हा : साहेब लांबचा असला की तो तुम्हाला ओळखत नाही, आणि जवळचा असला की फारच ओळखतो. १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायदा बदलला आणि शाळांच्या कारभारावर सरकारने नेमलेला प्रशासन अधिकारी आणला. मग १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि हे सगळं त्यांच्याकडे. बदल्यांचा प्रश्न मात्र तसाच. २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर होऊ लागल्या. आम्ही अनेक शिक्षकांशी बोललो आहोत. बहुतेकांना यंत्र आवडलं, कारण यंत्राला भाऊबंद नसतात. म्हणजे शंभर वर्षांत शिक्षकाने काय मागितलं? ‘मला निर्णय द्या’ हे मागणं फार क्वचित. ‘माझ्याबद्दलचा निर्णय निःपक्षपाती करा’ एवढंच. अपेक्षा इतकी खाली आली, ही आम्हाला या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना वाटते.

आता शाळा थोडा वेळ बाजूला ठेवू आणि याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जाऊ, जामखेडला. विषय बदलत नाही, फक्त काम आरोग्याचं आहे. आणि इथे जे घडलं त्याने निर्णय कोणाचा या प्रश्नाला एक वेगळं उत्तर दिलं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. रजनीकांत याच जिल्ह्यातले. साठच्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आपण बरं करून पाठवतो ते लोक त्याच आजाराने पुन्हा येतात. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले घोटाळे. हे आजार दवाखान्याच्या दाराशी थांबवता येत नाहीत. पुढे अमेरिकेत शिक्षण, त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि १९७० मध्ये जामखेड. तेव्हाचं जामखेड म्हणजे दुष्काळी, रस्ते नाहीत, पाण्याची बोंब.

सुरुवातीला त्यांनी कोणीही केलं असतं तेच केलं. प्रशिक्षित परिचारिका गावात नेमल्या. ते फसलं. शहरातून आलेल्या तरुण मुलीला गावात राहायची भीती, आणि गावाला तिचं ऐकायचं कारण नव्हतं. ‘हिला लेकरू नाही, ही मला काय बाळंतपण शिकवणार?’ मग एका सरपंचानेच सुचवलं म्हणतात, की आमच्याच गावातली बाई का घेत नाही? आणि गावांनी बायका निवडल्या. यातल्या बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बऱ्याचजणी दलित, काही टाकलेल्या, काही विधवा.

इथे जरा थांबू. एका निरक्षर, दलित बाईच्या हातात औषधांची पेटी द्यायची, गरोदर बाईचं पोट तपासायला शिकवायचं, कुठलं बाळंतपण गावात करायचं आणि कुठलं जामखेडला पाठवायचं याचा निर्णय तिने घ्यायचा. वैद्यकीय व्यवसायाच्या दृष्टीने हे भयंकर होतं. व्यवसाय म्हणजे काय, तर परीक्षा, पदवी, नोंदणी आणि ‘हे काम आमच्याशिवाय कोणी करायचं नाही’ ही रेघ. आरोळे दांपत्याने ती रेघ आतून पुसली. डॉक्टरांनी स्वतःच्या अधिकारातला एक तुकडा काढून दुसऱ्याच्या ताटात वाढला. आपण स्वायत्ततेबद्दल बोलताना विसरतो ते हे, की ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातातून निसटूनच दुसऱ्याला मिळते. सोडणारा तयार नसेल तर मिळत नाही.

पण नुसतं सोडून दिलं असंही नाही. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्कामाला. स्वयंपाक एकत्र, जेवण एकत्र. रात्री सगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली झोपायच्या. सत्तरच्या दशकातल्या मराठवाड्याच्या सीमेवरच्या खेड्यात हे काय असेल याची कल्पना आज येणं कठीण आहे. आणि शिकणं कसं? आपल्या गावात या आठवड्यात काय झालं ते एकेकीने सांगायचं. ताप आला होता, मी असं केलं. बाळ दगावलं, माझं काय चुकलं? डॉक्टर असतातच, पण प्रश्न विचारते शेजारच्या गावची बाई. गरोदरपणी कमी खावं म्हणजे मूल लहान राहतं आणि सुटका सोपी होते, ही समजूत त्या भागात होती. ती व्याख्यानाने जात नाही. ती जाते एकीने ‘मी माझ्या सुनेला पोटभर खायला घातलं आणि बघा’ असं सांगितल्यावर.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र होत्या. गावाने निवडलेली, म्हणून गावाला जबाबदार. पण तिची आठवड्याची बैठक गावाबाहेर, आपल्यासारख्यांच्यात, म्हणून गावगाड्याच्या दडपणातून सुटकाही. आणि मागे एक रुग्णालय, जिथे तिने पाठवलेला रुग्ण परत पाठवला जाणार नाही. फिरतं पथक गावात आलं की तिच्यासोबत घरोघर जाई. डॉक्टर चारचौघांत तिला विचारत, ‘तुमचं काय मत?’ ज्या बाईला गावात कोणी पाट देत नव्हतं तिचं मत डॉक्टर विचारतात, हे गावाने पाहिलं. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले ते याच सुमारास. पाणी भरायला सगळ्यांनी तिकडे यायचं. औषधाच्या पेटीला अधिकार एकटीने येत नसतो, त्याला असा परिसर लागतो.

परिणाम? संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होते, पुढच्या वीसेक वर्षांत हा आकडा विशीच्या आसपास आला. संस्थेचे स्वतःचे आकडे म्हणून कोणी नाक मुरडेल, आणि त्या काळात बाकी महाराष्ट्रही सुधारत होताच. पण २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक स्वतंत्र तुलनात्मक अभ्यास आला. जामखेड प्रकल्पाच्या गावांत, पहिला महिना ओलांडलेल्या आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूची जोखीम शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. पहिल्या महिन्यात तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ ही कार्यकर्ती वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलली. झुंबर आणि पणतीचं तिचं उदाहरण इतक्या वेळा सांगितलं गेलंय, की त्यामागची आठवड्याची ती कंटाळवाणी, चिकाटीची बैठक लोकांना दिसेनाशी झाली. आमच्या मते गाभा त्या बैठकीत होता.

सरकारने यातून काय उचललं? १९७७ च्या २ ऑक्टोबरला जनता सरकारने देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना काढली. तिच्यामागे एकटं जामखेड नव्हतं, श्रीवास्तव समितीचा १९७५ चा अहवालही होता. महिना पन्नास रुपये मानधन, थोडं प्रशिक्षण, औषधांची पेटी. निवडले गेले ते बहुतांश पुरुष, आणि अनेक ठिकाणी गावपुढाऱ्यांच्या ओळखीतले. पेटी गेली, बैठक गेली नाही. योजना हळूहळू विरली. मग २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. बाई, गावातलीच, हे बरोबर उचललं. पण तिचा मोबदला कसा? कामागणिक. इतक्या लसी, इतकी रुग्णालयातली बाळंतपणं, प्रत्येकाचे ठरलेले पैसे. दिपोटी आठवला ना तुम्हाला? दीडशे वर्षांपूर्वी शाळेत फसलेला हिशेब आपण आरोग्यात नव्याने मांडला. ज्या कामाला दर आहे ते होतं. सासूशी तासभर बोलत बसायला दर नाही. तरी आशाताई ते करतात, आणि ते त्यांच्या नोंदवहीत कुठे येत नाही.

शाळा आणि आरोग्य यांना जोडणारा एक माणूस आपल्यात होऊन गेला, जे. पी. नाईक. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते, आणि आयुष्याच्या शेवटी ‘सर्वांसाठी आरोग्य’ या १९८१ च्या अहवालामागेही त्यांचाच हात मोठा होता. आरोग्याची व्यवस्था गावातल्या कार्यकर्त्यापासून वर बांधायची, हा त्या अहवालाचा सूर. हेच शाळेत का झालं नाही, असं आम्हाला नेहमी वाटतं. तसा प्रयत्न झाला नाही असंही नाही. १९९४ नंतर महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आले, दहा-बारा शाळांचं एक केंद्र, शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र यायचं, एकमेकांचे पाठ बघायचे. कल्पना थेट जामखेडच्या बैठकीची सख्खी बहीण. काही केंद्रांत ते खरंच घडलं, तिथले शिक्षक अजून त्या दिवसांबद्दल बोलतात. बाकी ठिकाणी बैठकीत काय होतं हे इथे बसलेल्या शिक्षकांना विचारा. सूचना वाचून दाखवल्या जातात, माहिती मागितली जाते, चहा होतो. आता तर सूचना व्हॉट्सॲपवरच येतात, त्यामुळे चहाही गेला.

जाता जाता एक भेट सांगतो, कारण तिच्याशिवाय हे सगळं जुन्या कागदांचंच राहील. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागात, जिथून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, तिथल्या एका दोनशिक्षकी शाळेत आम्ही गेलो होतो. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता बांधला गेलेला, आणि आईबापांबरोबर पोरंही फडावर. मार्च-एप्रिलमध्ये परत. आता शिक्षिकेपुढचा प्रश्न बघा. पटावर मूल ठेवायचं की कमी करायचं? पटावर ठेवलं तर हजेरी खोटी होते. कमी केलं तर पट घसरतो, पटावर संचमान्यता ठरते, आणि शाळेतला एक शिक्षक जातो. शिक्षण हमी पत्रक देऊन पाठवलं तर कारखान्याजवळची शाळा ते घेईल का, याची खात्री नाही. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर मूल आजीजवळ राहील, पण ते मंजूर होईपर्यंत गाड्या निघालेल्या असतात. या सगळ्याला ऑनलाइन प्रणालीत एकच रकाना आहे : उपस्थित किंवा अनुपस्थित.

बाईंनी काय केलं होतं? त्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात घरोघर गेल्या. तीन मुलांना आजीकडे ठेवायला लावलं. एका मुलीला ठेवू नका असं त्यांनीच सांगितलं. का, ते आम्हाला त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. घरात कोण उरणार होतं हे त्यांना माहीत होतं, एवढंच म्हणाल्या. गेलेल्या मुलांच्या आयांच्या फोनवर त्या रोज रात्री एक गणित पाठवत. आणि एका साध्या दोनशे पानी वहीत प्रत्येक मुलाचं पान होतं. कुठवर आलाय, काय अडतंय, परत आल्यावर कुठून धरायचं. टाचणवही वेगळी होती, ती तपासणीला दाखवायची. ही दुसरी वही कोणी मागितलेली नव्हती.

आम्ही विचारलं, साहेबांना दाखवलीत का? त्या हसल्या. म्हणाल्या, दाखवली असती तर पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांना तिचा नमुना आला असता, रकाने आखून.

त्यांचं म्हणणं आम्हाला प्रवासभर पुरलं. कारण अडचण खरी दोन्हीकडून आहे. वही लपवली तर एका बाईचं शहाणपण तिच्यापुरतं राहतं. दाखवली तर त्याचा फॉर्म होतो. जामखेडच्या गोधडीखाली जे सांगितलं जाई ते सांगायला आज त्या बाईंना जागा नाही.

त्यांची बदली त्याच वर्षी अपेक्षित होती. चार्ज देताना काय काय द्यायचं याची यादी त्यांनी दाखवली. जनरल रजिस्टर, हजेरीपट, डेड स्टॉक, पोषण आहाराच्या नोंदी, शेरेबुक, किल्ल्या. दुसरी वही त्या यादीत बसत नाही. आम्ही विचारलं, मग ती सोबत नेणार? म्हणाल्या, नाही, पोरं इथली आहेत. कपाटात वरच्या फळीवर ठेवून जाईन. नवीन गुरुजींनी काढली तर काढली.